लाल पट्टीची पुस्तकं

ग्रंथपालबाईंना राग आला की त्या बोलत नाहीत, पुस्तकं लावतात. एरवी पुस्तक फळीवर ठेवताना झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसा त्यांचा हात असतो. राग असला की मात्र धप्प, धप्प, धप्प. त्या शुक्रवारी संध्याकाळी चरित्रांच्या कपाटामागून असा काही आवाज येत होता, की शिपाईमामाने चहाचा कप दुरूनच टेबलावर सरकवला आणि आल्या पावली पसार झाला.

रागाला कारण होतं, आणि त्या कारणाला बाई लहानपणापासून दादा म्हणत आल्या होत्या.

दादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. जन्मभर त्याने इमारती बांधल्या, पैसा केला, आणि गुडघे बोलायला लागल्यावर त्याला मान हवासा वाटू लागला. गेल्या वर्षी तो वाचनालयाच्या समितीचा अध्यक्ष झाला. बहीण तिथं पंचवीस-तीस वर्षं नोकरी करतेय हे त्याला आठवलं असेल तर फक्त हार घालून घेताना. बाईंनीही तक्रार केली नाही. बैठकीत त्या त्याला ‘अध्यक्षसाहेब’ म्हणत आणि घरी गेल्यावर नवऱ्याला त्याची नक्कल करून दाखवत.

शुक्रवारच्या बैठकीत ठराव आला. ज्या पुस्तकांना गेल्या पाच वर्षांत एकदाही कुणी हात लावला नाही ती रद्दीत काढायची, मोकळ्या झालेल्या खोलीत परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची. ठरावात बाईंना काही वावगं वाटलं नाही. वाळवी लागलेली, कालबाह्य झालेली पुस्तकं त्या स्वतःच दरवर्षी काढत. ग्रंथपालाने पुस्तकांवर प्रेम करावं पण त्यांच्या प्रेमात पडू नये, असं त्या नव्या माणसांना सांगतही असत. मग कॉम्प्युटरमधून निघालेला कागद टेबलावर फिरला, आणि वरच्या मजल्यावरची त्यांची चित्रकथांची खोलीच्या खोली त्यात निघाली. प्रत्येक पुस्तकापुढे शून्य.

“एकसुद्धा वाचक नाही,” दादा म्हणाला.

“शून्य येणारच, अध्यक्षसाहेब. त्या पुस्तकांवर लाल पट्टी आहे. ती आपण घरी देतच नाही, तिथंच बसून वाचायची. कॉम्प्युटरला घरी नेलेलं तेवढंच कळतं.”

“मग तिथं बसून वाचतात याला पुरावा काय?”

“वर चला ना, दाखवते. शाळा सुटल्यावर पाय ठेवायला जागा नसते.”

समितीत एक निवृत्त हेडमास्तर होते. ते मिशीतल्या मिशीत हसले. “बाई, पोरं पंख्याखाली बसायला येतात हो.”

“घरी पंखा असलेली पोरंही येतात,” बाई म्हणाल्या.

“हे बघा,” दादाने कागद हातावर आपटला, “कागदावर शून्य म्हणजे शून्य. आणि चित्रं बघणं म्हणजे काही वाचन नव्हे. सोमवारी टेम्पो बोलावलाय.”

हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं, तर बाई तावातावाने भांडल्या असत्या आणि तेवढ्यावर भागलं असतं. अशी वाक्यं त्यांनी आयुष्यभर ऐकली होती. ग्रंथपालांच्या संमेलनात ‘सार्वजनिक वाचनालयात चित्रकथा हव्यातच’ या विषयावर बोलायला त्यांना नेमकं जेवणानंतर उभं केलं होतं, अर्धं सभागृह पेंगत होतं, आणि त्यांनी ध्वनिक्षेपकाजवळ तोंड नेऊन “धाडकन!” असं ओरडून सगळ्यांना जागं केलं होतं. तेव्हापासून त्यांचं नाव ‘चित्रबाई’ पडलं. कुणी कौतुकाने म्हणे, बहुतेक जण टिंगलीने. त्यांचं काही बिघडलं नाही. पुढे तीन-चार वाचनालयांतून फोन आले, चित्रकथांचं कपाट कसं सुरू करायचं म्हणून, तेव्हा ‘हो, चित्रबाईच बोलतेय’ असं त्यांनी ठसक्यात सांगितलं.

पण हे दादा म्हणाला होता. दादा! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि वर मूग गिळून बसावं लागलं.

कारण दादाला अकरा वर्षांचा होईपर्यंत वाचता येत नव्हतं.

हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. पुस्तक उघडलं की दादाची अक्षरं हलायची. तो सांगायचा, मुंग्यांसारखी इकडून तिकडे जातात. मास्तर म्हणत, “नीट बघून वाच, डोळे कुठं आहेत?” आणि वर्गाबाहेर उभं करत. पाठांतरावर आणि शेजारच्याच्या वहीवर त्याने वर्षं ढकलली. घरच्यांना वाटे, पोरगा उनाड आहे. त्याच्याहून तीन वर्षांनी लहान बेबीला, म्हणजे आजच्या बाईंना, मात्र खरं काय ते कळलं होतं. तिने कुठून तरी एक फाटकं कॉमिक पैदा केलं होतं, एक घड्याळजी आणि त्याची शेळी मिळून चोर पकडतात त्याचं. जिन्याखालच्या अडगळीत दोघं बसत. ती त्याचं बोट धरून एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर नेई. एका चौकटीत कपाट चोराच्या अंगावर कोसळत होतं आणि वर भलंमोठं काहीतरी लिहिलेलं होतं. दादाने चित्राकडे पाहिलं, अक्षरांकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं, आणि म्हणाला, “धाडकन.” त्याचा तो पहिला वाचलेला शब्द. त्याने तो त्या दिवशी इतक्यांदा वाचला की बेबीला त्याला चिमटा काढावा लागला. मग त्याने तिला शपथ घातली, की हे कुणाला सांगायचं नाही. तिने कधीच सांगितलं नाही.

आणि तोच माणूस आता टेबलाच्या टोकाला बसून सांगत होता, की चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे.

शनिवारी बाई वरच्या खोलीत गेल्या तेव्हा पोरं होतीच. भिंतीला टेकून, पालथी पडून, एकाच पुस्तकात तीन डोकी घालून. बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर पुस्तकांच्या पाठीवरच्या लाल पट्ट्यांवर गेली. तिथं त्यांचा राग दादावरून घसरला आणि थेट त्यांच्या स्वतःवर येऊन आदळला.

पट्ट्या कुणी लावल्या? समितीने नाही. कॉम्प्युटरने तर नाहीच. बाईंनी लावल्या होत्या, स्वतःच्या हातांनी, एकेक कापून. पूर्वी कॉमिक्स घरी देत, तेव्हा ती परत येताना त्यातली पानं गायब असत, नायकाचं तोंड कापून कुणाच्या तरी वहीवर चिकटलेलं असे, काही तर परतच येत नसत. बाईंचा जीव तुटे. जुन्या बाजारात हिंडून, ओळखीपाळखीच्यांच्या माळ्यांवरून, कुणाच्या घरची आवराआवर निघाली की हात जोडून त्यांनी ती जमवली होती. शेवटी त्यांनी ठरवलं, आता बाहेर द्यायचीच नाहीत. आणि दिली नाहीत. वाचनालयातली सर्वांत जास्त हाताळलेली पुस्तकं त्यांनी अशी काही जपली की कागदोपत्री त्यांना कुणी शिवलेलंच नव्हतं. नव्यांना मोठ्या तोंडाने सांगत होत्या, प्रेमात पडू नका म्हणून!

खालच्या फळीवर घड्याळजी आणि शेळी होते. जिन्याखालचं ते फाटकं पुस्तक नव्हे, ते केव्हाच गेलं. पण तीच गोष्ट, तेच चित्र, बाईंना फार वर्षांनी जुन्या बाजारात सापडलेलं. सापडलं तेव्हा त्यांनी दादाला फोन करून सांगितलंही होतं. त्याचा कणा पुन्हा उसवला होता. बाईंनी ते खाली नेलं, कापडी पट्टी लावली आणि डिंक वाळेपर्यंत आपल्या टेबलावर जाड शब्दकोशाखाली दाबून ठेवलं. सोमवारी रद्दीत जायचंच आहे तर कशाला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. हातांना सवय होती.

रविवारी दुपारी त्या दादाच्या घरी गेल्या. भांडायलाच गेल्या.

दार वहिनीने उघडलं. आतून दादाचा आवाज येत होता. हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाशी त्याची नात बसली होती. तिला सगळे ठमी म्हणत. तिचे आईवडील नोकरीसाठी परगावी, म्हणून ती आजी-आजोबांकडे राहायची. ठमीपुढे धड्याचं पुस्तक उघडं होतं आणि दादा तिच्या डोक्याशी पेन्सिल घेऊन उभा होता.

“पुन्हा वाच.”

ठमीने ओळीवर नजर फिरवली आणि भलतंच काहीतरी वाचलं. अंदाजाने. तोंडाकडे बघत, बरोबर आलं का चुकलं याचा कानोसा घेत.

दादाने पेन्सिल टेबलावर आपटली. “नीट बघून वाच! डोळे कुठं आहेत?”

बाई पर्स खांद्यावरून काढायच्या बेतात होत्या, त्यांचा हात तिथंच थांबला.

“काय म्हणालास?”

“अरे, बेबी? बस. हिचं जरा होऊ दे. आळशी झालीय नुसती.”

“काय म्हणालास आत्ता तिला? डोळे कुठं आहेत?” बाईंचा आवाज चढला. “कुणाचं वाक्य आहे रे ते? आठवतं का, का सिमेंटमध्ये गाडून टाकलंस तेही?”

दादाचा चेहरा उतरला. “बेबी, गप्प बस.”

“नाही बसत! शुक्रवारी बसले. लहानपणापासून बसतेय. तुझी लाज झाकायला मी गप्प बसायचं आणि तू त्याच तोंडाने माझी पुस्तकं रद्दीत घालणार? घाल. पण या पोरीला वर्गाबाहेर उभं करायचं नाही. तुला केलं होतं तसं.”

वहिनी पाण्याचा पेला घेऊन येत होती, ती तशीच मध्ये उभी राहिली. “यांना? वर्गाबाहेर?”

“बेबी,” दादा म्हणाला, आता अगदी हळू, “तू शपथ घेतली होतीस.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग ठमीकडे पाहिलं. पोरगी खुर्चीत अंग चोरून बसली होती, आपल्यावरून मोठी माणसं भांडतायत एवढंच तिला कळत होतं. बाईंनी शपथ मोडली. विचार करून नाही, रागाच्या भरातच मोडली.

“ठमे, तुझ्या आजोबांना तुझ्याएवढे असताना वाचता येत नव्हतं. तुझ्याहून मोठे झाले तरी येत नव्हतं. आळशी नव्हते ते. त्यांची अक्षरं हलायची.”

ठमीने मान वर केली आणि आजोबांकडे असं पाहिलं, जणू आज पहिल्यांदाच बघतेय.

“खरंच, आजोबा? तुमची पण हलायची?”

दादा वळला, आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आपटलंसुद्धा नाही.

वहिनीने पेला टेबलावर ठेवला. “एवढा संसार झाला आमचा,” ती म्हणाली. “मला वाटायचं, चष्मा विसरला म्हणून पत्रं माझ्याकडून वाचून घेतात.” मग नणंदेकडे वळून म्हणाली, “तुम्ही हे बरं केलंत की वाईट, मला सांगता यायचं नाही. पण आत्ता जा.”

बाई निघाल्या. रस्ताभर त्यांना वाटत होतं, आता हलकं वाटेल. वाटलं नाही. उलट राग दुप्पट झाला होता, कारण आता त्यात स्वतःचाही वाटा होता. बोलायला गेल्या होत्या पुस्तकांसाठी, आणि पुस्तकांबद्दल धड एक वाक्य न बोलता भावाची सालं काढून परत आल्या होत्या. टेम्पो तर उद्या येणारच होता.

तो वेळेआधीच आला. बाई पोहोचल्या तेव्हा वाचनालय उघडायला अवकाश होता, पण फाटक सताड उघडं होतं आणि पायऱ्यांवर सुतळीचे तुकडे पडले होते. बाई गुडघ्यांची पर्वा न करता वर धावल्या. खालच्या फळ्या रिकाम्या. धुळीत पुस्तकांच्या जागा तेवढ्या चौकोनी उमटलेल्या.

“मामा!” त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की वाचनालयात ‘शांतता राखा’ची पाटी लावणारी बाई हीच का, असा प्रश्न पडावा.

“अध्यक्षांचा हुकूम होता, बाई. चावी माझ्याकडं होती. मी काय करणार?” मामा जिन्यात अर्ध्यावरच थांबला होता. “पहिली खेप गेली. दुसरीला येतोय तो.”

“मला फोन करता येत नव्हता?”

“तुम्ही चिडाल म्हणून नाही केला.”

बाईंनी उरलेल्या कपाटासमोर खुर्ची ओढली आणि ठाण मांडलं. नोकरी जाईल तर जाईल. टेम्पोवाल्याने कपाट न्यायचं असेल तर खुर्चीसकट न्यावं.

थोड्या वेळाने खाली टेम्पोचा आवाज आला. पाठोपाठ जिन्यावर पावलं वाजली, पण ती हमालाची नव्हती. एक पाऊल जड, मध्ये थांबणारं, आणि एक टुणटुण उड्या मारणारं. दारात दादा उभा राहिला, ठमीचा हात धरून. रात्रभर झोपला नसावा. डोळे सुजले होते, दाढी केली नव्हती.

तो रिकाम्या फळ्यांकडे पाहत राहिला. मग खाली वाकून, गुडघ्यावर हात टेकत, तळाच्या फळीवर बोट फिरवून त्याने धुळीकडे पाहिलं.

“ते इथं होतं?” त्याने विचारलं. कोणतं, ते सांगायची गरज नव्हती.

“इथंच होतं. पण ते खाली आहे. कणा उसवला होता म्हणून वाचलं. बाकीची तू पाठवलीस.”

तिघं खाली आले. शब्दकोशाखालून बाईंनी घड्याळजी आणि शेळीचं पुस्तक काढलं. डिंक वाळला होता. दादाने ते हातात घेतलं, उघडलं नाही, नुसतं धरून उभा राहिला. मग टेबलावर ठेवून म्हणाला, “घरी न्यायचंय. हिच्यासाठी.”

“कार्ड?”

त्याने पाकिटातून अध्यक्षाचं मानाचं कार्ड काढलं. कोरं करकरीत, एकदाही न वापरलेलं. बाईंनी पुस्तकाचा क्रमांक टाकला. कॉम्प्युटरने लाल अक्षरांत सांगितलं, की हे पुस्तक घरी देता येत नाही.

दादाने बहिणीकडे पाहिलं. बाईंनी पुस्तक पालथं केलं, लाल पट्टीच्या कोपऱ्यात नख घातलं आणि ती ओढली. जुनी पट्टी सहजासहजी निघेना. कागदाचा थर घेऊन निघाली, पाठीवर पांढरा ओरखडा राहिला. एरवी असा ओरखडा दुसऱ्या कुणी काढला असता तर बाईंनी त्याला उभा सोलला असता. मग त्यांनी कॉम्प्युटरमध्ये नियम बदलला, क्रमांक पुन्हा टाकला. या वेळी त्याने निमूटपणे घेतलं. शून्य गेलं, एक आला. वाचकाच्या जागी अध्यक्षांचं नाव.

“घे,” बाई म्हणाल्या. “आता बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला सांग. मी नाही सांगणार. आणि पहिली खेप ज्या गोदामात गेली तिथं जा आणि आण.”

“बेबी, काल तू...”

“कालचं मला माहीत आहे. शपथ मी मोडली, त्याचं तुला काय म्हणायचं ते नंतर म्हण, मी ऐकून घेईन. पण आधी पुस्तकं.”

दादा गेला. इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, टेम्पोच्या पुढच्या सीटवर हमालाशेजारी अंग चोरून बसून गेला. दुपारी परत आला तेव्हा कपडे मळले होते आणि गठ्ठे निम्मेच होते. बाकीचे भिजवून झाले होते, लगदा व्हायला. ते निम्मे गठ्ठे बाईंनी त्याला अजूनही माफ केलेले नाहीत, आणि करणार नाहीत असं त्या त्याच्या तोंडावर सांगतात. पुढच्या बैठकीत हेडमास्तरांनी ठरावाची आठवण काढली, तेव्हा अध्यक्षसाहेब उठून उभे राहिले आणि आपण वाचायला कसे शिकलो ते त्यांनी सांगितलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, पण हसल्या नाहीत.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी टेम्पो फाटकाबाहेर पडला आणि बाई वर जाऊन लाल पट्ट्यांवर तुटून पडल्या. उरलेलं एकेक पुस्तक घ्यायचं, पट्टी ओरबाडायची, फळीवर ठेवायचं. धप्प. धप्प. ठमी जमिनीवर मांडी घालून बसली होती, मांडीवर घड्याळजी आणि शेळी. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला.

“आत्याआजी, हलतायत. यातली पण हलतायत.”

बाईंच्या हातातलं पुस्तक थांबलं. त्या तिच्याजवळ जमिनीवर बसल्या, तिचं बोट धरलं आणि कपाट कोसळत होतं त्या चौकटीवर ठेवलं.

“हलू देत,” त्या म्हणाल्या. “तू बोट उचलू नकोस.”